‘काय बे’ ते ‘नमस्कार, साहेब’

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

ताई, सप्रेम नमस्कार. मी नागपूरचा, वय ६२, सरकारी नोकरीतून निवृत्त झालो आहे. माझा शाळेपासूनचा एक मित्र गेली दोन वर्षे बेघर आहे. महाल भागातल्या एका छापखान्यात त्याचे आयुष्य गेले. आधी खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जुळवले, मग मुद्रिते (प्रुफे) तपासली. छापखाना बंद पडला, पत्नी दीर्घ आजाराने गेली, भावांनी वाडा विकला आणि त्याच्या वाट्याला आलेली रक्कम आजारपणाच्या कर्जात संपली. आता तो रात्री सीताबर्डीवर एका दुकानाच्या ओट्यावर झोपतो, पण सदरा मात्र रोज इस्त्रीचा असतो. सकाळी सहा वाजता महाराजबागेजवळच्या टपरीवर आम्ही चहा घेतो आणि वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवतो. चहाचे पैसे मी त्याला आजवर एकदाही देऊ दिलेले नाहीत.

डिसेंबरच्या थंडीत मला राहवले नाही. मी त्याला एक स्वेटर दिला, त्याच्या खिशात न सांगता पाच हजार रुपये ठेवले आणि रात्री ब्लँकेट वाटणाऱ्या एका मंडळाला त्याची झोपण्याची जागा कळवली. त्यांनी रात्री अकराला त्याला उठवून ब्लँकेट दिले आणि फोटो काढला. तो फोटो आमच्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही आला. त्या दिवसापासून तो टपरीवर येत नाही. परवा मोरभवनजवळ समोरासमोर आलो. जो मला पन्नास वर्षे ‘काय बे’ म्हणत आला, तो ‘नमस्कार, साहेब’ म्हणाला आणि निघून गेला.

माझे काय चुकले? आमच्या घराची वरची खोली रिकामी आहे, ती त्याला द्यावी का? पत्नीचा विरोध आहे. तो पीत असेल तर काय, असे ती विचारते. दिवाळीत तो घरी आला तेव्हा तिने त्याला वेगळ्या कपात चहा दिला होता आणि ते त्याच्या लक्षात आले असावे. शिवाय, असे रस्त्यावर झोपणे कायद्याने चालते का?

– एक मित्र, नागपूर

उत्तर

नमस्कार.

तुमच्या पत्रातली दोन वाक्ये मी पुन्हा पुन्हा वाचली. एक अर्थातच ‘नमस्कार, साहेब’. नागपूरच्या बाहेरच्या वाचकाला कदाचित सांगावे लागेल की आपल्याकडे ‘बे’ हा शब्द परक्याला उद्देशून वापरला तर भांडण होते आणि जुन्या मित्राने तो वापरणे सोडले तर तेही भांडणच असते. तुमच्या मित्राने तुम्हाला शिवी दिली असती तर मला इतकी काळजी वाटली नसती. त्याने तुम्हाला आदर दिला, म्हणजे तुम्हाला टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसवले, जिथे दाते, अधिकारी आणि अर्जावर सही करणारे लोक बसतात.

दुसरे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात: ‘चहाचे पैसे मी त्याला आजवर एकदाही देऊ दिलेले नाहीत.’ तुम्ही हे चांगुलपणाचा पुरावा म्हणून लिहिले आहे आणि त्यात चांगुलपणा आहेही. पण पाच हजार रुपये आणि फोटो यांच्या कितीतरी आधी, रोज सकाळी सहा वाजता, तुम्ही त्याचा खिशाकडे जाणारा हात अडवत होता. तोवर शब्दकोड्याने तोल सांभाळला होता. ज्याने आयुष्यभर खिळे जुळवले आणि इतरांच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढल्या, तो माणूस शब्दकोड्यात तुमच्यापेक्षा सरस असणार, असा माझा अंदाज आहे. म्हणजे चहा तुमचा आणि आडवे-उभे शब्द त्याचे, असा एक न बोललेला व्यवहार तुमच्यात होता आणि म्हणून मैत्री टिकून होती. स्वेटरच्या खिशात गुपचूप ठेवलेल्या पैशांनी तो व्यवहार मोडला, कारण त्यांची परतफेड कुठल्याही शब्दाने होणार नव्हती.

मी हे पुस्तकात वाचून लिहीत नाही. १९७९ साली मी नागपुरातच कॉलेजात शिकत होते. वडील एका भागीदाराला जामीन राहिले होते, तो बुडाला आणि भाडे थकल्यामुळे आम्हाला घर सोडावे लागले. आईवडील धाकट्या भावाला घेऊन वर्धा जिल्ह्यातल्या गावी गेले, आणि परीक्षा असल्यामुळे मी चार महिने इथेच, तीन वेगवेगळ्या घरांत राहिले. पहिली दोन घरे नातेवाइकांची होती आणि त्यांनी मला काही कमी पडू दिले नाही, हे मुद्दाम सांगते. एका काकूंनी तर मला ताटसुद्धा उचलू दिले नाही. ‘राहू दे गं, तू पाहुणी,’ असे त्या म्हणत आणि मी पुन्हा खाटेच्या कडेवर बसत असे. माझी पिशवी खाटेखाली असे, कपडे वाळत घालण्याआधी मी दोरीवर जागा आहे का ते पाहत असे, आणि पोळी वाढताना त्यांचा हात क्षणभर थांबला की तो मोजत आहे असे मला वाटे. तो मोजत नसेलही. पण घर नसलेल्या माणसाला दुसऱ्याचा थांबलेला हात फार लवकर दिसतो, आणि दिवाळीतला तो कप तुमच्या मित्राला तसाच दिसला.

तिसरे घर धरमपेठेत, माझ्या मैत्रिणीचे होते. पहिल्याच संध्याकाळी तिच्या आईने माझ्यापुढे मेथीची जुडी टाकली आणि ‘निवड’ एवढेच म्हटले. दुसऱ्या दिवशी पहाटेचे दूध आणण्याचे काम माझ्याकडे आले, आणि दूध आणायचे तर दार उघडावे लागणार, म्हणून किल्लीही आली. खोलीतल्या भिंतीवर एक खुंटी होती, तिच्यावरच्या छत्र्या काढून त्यांनी माझी पिशवी टांगली. या तिन्ही घरांत मला छप्पर सारखेच होते. तरी पहिल्या दोन घरांत मी बेघर होते आणि तिसऱ्यात नव्हते, हे मला त्या वयातही कळले होते. तुमच्या मित्राची स्थिती माझ्या चार महिन्यांपेक्षा कितीतरी कठीण आहे आणि मी तुलना करत नाही. पण मदत घेणाऱ्याच्या बाजूने ती कशी दिसते हे मी एकदा पाहिलेले आहे, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करते.

आपल्या विदर्भातल्या गाडगेबाबांचे उदाहरण इथे मला आठवते, तेही त्यांच्या कीर्तनापेक्षा त्यांच्या झाडूसाठी. गावात शिरल्यावर ते आधी रस्ता झाडत आणि मग भाकरी मागत. पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभारल्या आणि स्वतःला मात्र कुठेही घर ठेवले नाही. त्यांच्या दशसूत्रीत ‘बेघरांना आसरा’ हे कलम आपण भिंतींवर रंगवतो, परंतु भाकरीच्या आधी झाडू हातात घेण्याची त्यांची अट कुणी रंगवलेली मी पाहिलेली नाही. तुमच्या मित्राने झाडू मारावा असा याचा अर्थ कृपया घेऊ नका. त्याच्याकडे देण्यासारखे जे आहे ते त्याला देऊ द्यावे, एवढाच माझा अर्थ आहे.

आता कायद्याचा प्रश्न, कारण त्याचा संबंध त्या इस्त्रीच्या सदऱ्याशी आहे. महाराष्ट्रात १९५९चा भिक्षा प्रतिबंधक कायदा लागू आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातली मुख्य कलमे घटनाबाह्य ठरवली, परंतु तो निकाल दिल्लीपुरता आहे. या कायद्यातली भीक मागण्याची व्याख्या हात पसरण्यापुरती मर्यादित नाही. उपजीविकेचे दिसेल असे साधन नसताना, भिकेवर जगत असावा असे वाटेल अशा अवस्थेत सार्वजनिक ठिकाणी वावरणारा माणूसही तिच्यात येतो. वॉरंटशिवाय अटक होऊ शकते आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरीगृहात ठेवता येते. मार्च २०२३ मध्ये नागपुरात जी-२०च्या निमित्ताने सी-२०ची, म्हणजे नागरी संस्थांच्या गटाची, बैठक झाली, आणि त्याच महिन्यात पोलीस आयुक्तांनी कलम १४४ खाली शहरात भीक मागण्यावर बंदीचा आदेश काढला होता, हे तुम्हाला आठवत असेल. नुसते ओट्यावर झोपणे म्हणजे भीक मागणे नव्हे. पण ‘दिसणे’ हाच ज्या कायद्यात पुरावा ठरू शकतो, तिथे इस्त्रीचा सदरा हा केवळ जुन्या सवयीचा भाग राहत नाही. तो सदरा म्हणजे त्याचे ओळखपत्र आहे. अंगावर ब्लँकेट, समोर दाते आणि डोळ्यांवर मोबाइलचा उजेड असा फोटो काढला गेला, तेव्हा दोन वर्षे जपलेले ते ओळखपत्र एका रात्रीत रद्द झाले. आणि ते ज्यांच्यासमोर रद्द झाले ते त्याच्या वर्गातले लोक होते. निराधार म्हणून नव्हे, तर फळ्यावर सुंदर अक्षर काढणारा किंवा मधल्या सुट्टीत डबा पळवणारा म्हणून त्याला ओळखणारी ती शेवटची माणसे असतील.

महापालिकेच्या बेघर निवाऱ्याबद्दल तुम्ही विचारले नाही, पण पत्रात ते येणे आवश्यक आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवाऱ्याची योजना होती. दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांची सोय, प्रत्येकाला सुमारे पन्नास चौरस फूट जागा, पाणी, स्वच्छतागृह, अंथरूण आणि वर्षभर चोवीस तास उघडे दार, असे तिचे मापदंड होते. २०११च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या २४ लाखांहून थोडी अधिक होती, म्हणजे त्या मापाने किमान २,४०० जागा हव्यात. तुम्ही मित्राला सुचवण्याआधी स्वतः महापालिकेच्या समाजविकास विभागात जा, निवाऱ्यांचे पत्ते घ्या आणि संध्याकाळी सातनंतर एखादा निवारा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. सामान ठेवायला कुलूपबंद पेटी आहे का, दिवसा थांबू देतात का, रात्री उशिरा आल्यास दार उघडतात का, शेजारची खाट किती जवळ आहे आणि येणाऱ्याशी कर्मचारी ‘अहो’ म्हणून बोलतात की ‘अरे’ म्हणून, हे पाहा. ओट्यावर झोपणारे कित्येक लोक निवाऱ्यात जात नाहीत, याचे कारण हट्ट असतेच असे नाही. पिशवी चोरीला जाण्याची भीती हे पुरेसे कारण आहे, कारण त्या पिशवीत बायकोचा फोटो आणि आधार कार्ड असते.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र तुमचा चाळीस वर्षांचा कचेरीतला अनुभव खरोखर कामी येईल. निवडणूक आयोगाच्या पद्धतीनुसार बेघर माणसालाही मतदार म्हणून नाव नोंदवता येते. पत्त्याच्या पुराव्याऐवजी मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, तो जिथे झोपतो असे सांगतो तिथे रात्री जाऊन खात्री करतो. ज्याच्या नावे भिंत नाही त्याच्या ओट्याला सरकारने पत्ता मानावे, ही मला आपल्या लोकशाहीतली अत्यंत सुसंस्कृत तरतूद वाटते. वयाची ६५ वर्षे झाल्यावर उत्पन्नाच्या अटीत बसल्यास श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतनही मिळू शकते आणि त्याची माहिती तहसील कार्यालयात मिळेल. रहिवासी दाखला मागणाऱ्या खिडकीपुढे बेघर माणूस एकटा उभा राहिला तर काय होते, हे तुम्ही खिडकीच्या आतल्या बाजूने पाहिलेले असेल. शेजारी उभे राहून ‘मी यांना पन्नास वर्षे ओळखतो’ असे म्हणणारा माणूस असणे ही त्याची खरी गरज आहे. पण हे सगळे त्याने ‘चल’ म्हटल्यावर. त्याच्या नावाने आधीच अर्ज भरून ठेवू नका.

वरच्या खोलीचा निर्णय तुमच्या एकट्याचा नाही. तुमच्या पत्नींना मी दोष देणार नाही. त्यांच्या घरात माणूस येणार, तो पीत असेल का ही त्यांची भीती खरी आहे आणि ‘तुला माणुसकी नाही’ असे म्हणून तिला उत्तर मिळत नाही. कपाबद्दल मात्र त्यांच्याशी बोला आणि आरोप न करता बोला. कदाचित वेगळा कप त्यांनी न कळत काढला असेल, जसा आपल्यापैकी अनेकांच्या घरांत मोलकरणीसाठी पिढ्यान्‌पिढ्या न कळत निघत आलेला आहे. त्यांची संमती मनापासून नसेल, तर खोली देऊ नका. रोज नकोसे असण्याच्या घरापेक्षा तो ओटा त्याला बरा वाटू शकतो. संमती असेल, तर ती खोली भाड्याने द्या. होय, भाड्याने. महिना पाचशे रुपये असोत किंवा त्याला झेपेल ते असो, पण आकडा त्याने सांगावा. अकरा महिन्यांचा लेखी, नोंदणीकृत करार करा, खोलीची स्वतंत्र किल्ली द्या आणि दिवसातून तीनदा जेवलास का असे विचारायला वर जाऊ नका. पिण्याबद्दलची अट घालायची असेल तर ती कुठल्याही भाडेकरूला घातली असती तशीच करारात घाला. आणि तो नाही म्हणाला, तर कारण विचारू नका. नागपूरच्या मे महिन्यात, जेव्हा रात्री अकरालासुद्धा ओट्याची फरशी तापलेली असते, तो कदाचित स्वतःच विषय काढेल. कदाचित काढणारही नाही.

एक अपवाद आहे. त्याला ताप असेल, खोकल्याने धाप लागत असेल, तो बरळत असेल किंवा उठत नसेल, तर हे सगळे उत्तर बाजूला ठेवून १०८ क्रमांकावर फोन करा आणि त्याच्याबरोबर सरकारी रुग्णालयात, मेडिकलला किंवा मेयोला, जा. तिथे त्याची परवानगी, तुमची मैत्री आणि माझा सल्ला या सगळ्यांच्या आधी डॉक्टर आहेत.

आता त्याला भेटण्याबद्दल. त्याच्या ओट्यावर जाऊ नका. ती त्याची झोपण्याची खोली आहे, दार नसले तरी, आणि एकदा रात्री अकराला ती उघडली गेलेली आहे. टपरीवर मात्र रोजच्या वेळेला जात राहा, पूर्वीसारखेच वर्तमानपत्र घेऊन. टपरीवाल्याला तो दिवसभरात केव्हातरी भेटत असणार, म्हणून त्याच्याजवळ त्या दिवसाचे शब्दकोडे ठेवून द्या. तुम्हाला न सुटलेले चौकोन खरोखर रिकामे असू द्या. मुद्दाम सोडलेले त्याच्या लगेच लक्षात येतील, मुद्रितशोधकाचे डोळे आहेत ते. चार दिवस, आठ दिवस, पंधरा दिवस लागतील. तो आला, तर क्षमा एका वाक्यात मागा: ‘तुला न विचारता केले, चुकले.’ मंडळाच्या लोकांवर ढकलू नका आणि स्वतःच्या झोपमोडीचे वर्णन करू नका, नाहीतर तुमचे सांत्वन करण्याचे कामही त्याच्याच अंगावर पडेल. त्याने पाच हजार रुपये परत केले, पूर्ण किंवा थोडे कमी, तर ते घ्या आणि खिशात ठेवा. ‘अरे, राहू दे’ हे शब्द तोंडात आले तरी गिळा. मला माझ्या काकूंचे ‘राहू दे गं’ अजून आठवते. आणि चहाचे पैसे देण्यासाठी तो खिशात हात घालू लागला, तर तुम्ही वर्तमानपत्राकडे बघा.

या सगळ्याची वाट न बघता करण्याचे एक काम आजच करा. त्या मंडळाला फोन करून तो फोटो त्यांच्या पानांवरून आणि पत्रकांमधून काढायला सांगा, आणि ज्याने तो शाळेच्या ग्रुपवर टाकला त्याच्याशी ग्रुपवर नव्हे, स्वतंत्रपणे बोला. ग्रुपवर निषेधाचा लांब मजकूर लिहिलात तर ज्यांनी फोटो पाहिला नव्हता तेही शोधून पाहतील. हे केल्याचे मित्राला आपणहून सांगू नका; त्याने विचारले, तरच सांगा.